माझं नाव सांगू नकोस

नोकरीच्या पहिल्या काही महिन्यांत बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत मी ज्या ज्या घरी चहा प्यालो, ती सगळी कोणा ना कोणाच्या शत्रूंची घरं होती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी आपला दारात चपला काढून, "अमक्या काकूंनी तुमचं नाव सुचवलं," असं हसून सांगायचो. समोरच्या बाईंचा चेहरा एकदम असा का झाला, याचा विचार जिना उतरताना करायचो आणि तळमजल्यावर पोचेपर्यंत तो सोडूनही द्यायचो.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. कंपनी अंधेरी पूर्वेला एका औद्योगिक वसाहतीत होती. कंपनी म्हणजे एक गाळा. पुढे साहेबांची केबिन, मागे लेथ, ड्रिल आणि पत्रा कापायचं मशीन, मधे प्लायवुडचं पार्टिशन. आमच्या गावी मात्र ती 'मुंबईची कंपनी' होती. माझे वडील तालुक्याच्या शाळेत शिपाई. त्याच शाळेत मी शिकलो आणि पुढे बी.कॉम. झालो, घराण्यातला पहिला पदवीधर. मला नोकरी लागल्याचं कळलं तेव्हा मुख्याध्यापकांनी सकाळच्या प्रार्थनेनंतर ते सगळ्या शाळेला सांगितलं आणि घंटेजवळ उभ्या असलेल्या माझ्या वडिलांसाठी पोरांना टाळ्या वाजवायला लावल्या. बापासाठी एकदा एवढ्या टाळ्या वाजल्या की मुलाला परत जाता येत नाही. आणि साहेबांनी मला घेतलं होतं ते सहा महिन्यांच्या बोलीवर. "सहा महिने बघू. जमलं तर पर्मनंट, नाही तर तू तुझ्या वाटेनं जा." माझी वाट म्हणजे तेच पटांगण आणि तीच घंटा. त्यामुळे पर्मनंट होणं सोडून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

आमचा माल म्हणजे नारळ खवायचं यंत्र. एका बाजूला फिरवायची मूठ, दुसऱ्या बाजूला दातेरी पाती, आणि बुडाला रबराची जाड टोपी. यंत्र ओट्यावर ठेवून बाजूचा खटका दाबला की रबर खाली चिकटून बसायचं. मग नारळाची वाटी पात्यांवर धरायची आणि मूठ फिरवायची. उपनगरांत तेव्हा नव्या इमारती उठत होत्या आणि घरोघर उभ्याचा ओटा आला होता. बायका सगळा स्वयंपाक उभ्यानं करायच्या आणि नारळ खवायला मात्र विळी घेऊन खाली बसायच्या. कोकणातली घरं, रोजचा नारळ. त्यांच्या गुडघ्यांसाठी साहेबांनी हे यंत्र काढलं होतं. कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणतो.

साहेब मुळात डिप्लोमावाले इंजिनियर. लेथवर उभे राहिले की बघत बसावं असा हात. पण मधेच ते शहरातल्या कुठल्याशा हॉटेलात विक्रीकलेच्या शिबिराला जाऊन आले, आणि येताना आपल्यातला इंजिनियर तिथंच विसरून आले.

"जाहिरात करायची नाही," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "जाहिरात म्हणजे आपणच आपल्याला ओवाळून घेणं. माल बोलला पाहिजे. एक सॅटिस्फाइड कस्टमर पाच कस्टमर आणतो. त्या पाचांचे पंचवीस. वर्षभरात आपल्याला हा गाळा पुरणार नाही."

केबिनच्या भिंतीवर याचं एक चित्र होतं. खाली एक माणूस, त्याला पाच फांद्या, प्रत्येक फांदीला आणखी पाच. सगळ्यांत खालचा माणूस हसत होता.

माल बोलायचा, पण साहेबांच्या टेबलावर. टेबलावर जाड काच होती. रबर तिला असं धरायचं की यंत्र ओढलं तर टेबल सरकायचं. येईल त्याला साहेब ओढायला लावायचे. "ओढ. अजून जोर लाव. हललं?" हलायचं नाही. नारळ मात्र केबिनमध्ये कधी खवला गेला नाही, कारण खवताना पाणी उडतं आणि टेबलावर कागद असायचे. नारळाशी साहेबांचा संबंध सोमवारपुरता. रविवारी ते घाटकोपरला थोरल्या बहिणीकडे जेवायला जायचे आणि सोमवारी तिथून नारळाच्या वड्यांचा डबा आणायचे. "आमच्या ताईसारख्या वड्या कोणाला जमत नाहीत," असं म्हणत आम्हाला एकेक द्यायचे. वड्या खरंच उत्तम असायच्या.

माझं काम सोपं होतं. घरी जाऊन दोनचार वेळा मूठ फिरवून यंत्र दाखवायचं, विकायचं, आठ दिवसांनी परत जाऊन विचारायचं, "कसं काय चाललंय?" आणि समाधानी ग्राहकाकडून पुढची नावं घ्यायची. त्या नावांच्या घरी आधी ग्राहकाचं नाव सांगायचं, मग आपलं. साहेबांच्या मते यातली पहिली पायरी महत्त्वाची. ओळखीच्या माणसाचं नाव ऐकलं की दार उघडतं.

बोरिवलीच्या काकू माझ्या पहिल्या ग्राहक. तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. मी आठ दिवसांनी गेलो तेव्हा त्यांनी चहा केला, चिवडा दिला.

"काकू, यंत्र ठीक चाललंय ना?"

"ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

"अजून कोणाला उपयोग होईल असं वाटतं?"

काकूंनी जरा वेळ छताकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा असा उजळला की मला साहेबांच्या चित्रातला खालचा माणूस आठवला. "आहेत ना. पहिल्या मजल्यावरच्या बाई. त्यांना दाखवच. मग आमचे सोसायटीचे सेक्रेटरी. आणि मुलुंडला माझी जाऊ असते, तिला तर पहिलं दे. मी पाठवलंय म्हणून आवर्जून सांग हां."

मी लगेच पहिल्या मजल्यावर उतरलो.

"कोणी पाठवलं म्हणालास?"

"तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी."

"तिनं? माझं नाव घेऊन?"

"हो. अगदी आपुलकीनं."

"आपुलकीनं," त्या म्हणाल्या. "मग तिला आपुलकीनं सांग, कुंड्यांना पाणी घालताना खाली माणसं राहतात."

"सांगतो."

"तिच्याकडे आहे का हे?"

"हो, आहे."

"मग काढ बाहेर. बघू."

त्यांनी घेतलं. तिसऱ्या मजल्याकडे आहे आणि पहिल्याकडे नाही, हे त्या इमारतीत चालण्यासारखं नव्हतं. सेक्रेटरींनीही घेतलं, कारण दोन मजल्यांकडे असलेली वस्तू सेक्रेटरीकडे नसणं बरं दिसत नाही. मग मी आरेच्या झाडीतून जाणारी बस पकडली, मांडीवर यंत्राचा खोका आणि पिशवीत दाखवायला नारळ, आणि मुलुंडच्या जाऊबाईंकडे पोचलो.

"इतक्या वर्षांत हळदीकुंकवाला बोलावलं नाही," जाऊबाई म्हणाल्या, "आणि आता नारळ खवायचं मशीन पाठवते? तिला विचार, गावच्या घराची किल्ली कुठाय."

मी दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं. निरोप पोचवणं हे आमच्याकडे चांगल्या मुलाचं लक्षण समजतात. काकू म्हणाल्या, "तिला सांग, विहिरीत टाकली." मी तेही मुलुंडला सांगितलं. अशा रीतीनं कंपनीच्या वेळात मी दोन उपनगरांमधलं एक जुनं भांडण पुन्हा चालू करून दिलं, आणि दोन्हीकडे माझं कौतुक झालं. मुलगा किती चांगला आहे हो, उलट बोलत नाही.

विक्री मात्र वाढत गेली. प्रत्येक बाई हसून नावं द्यायची, मी जायचो, दारात माझ्यावर कोणाचा तरी राग निघायचा, आणि मग यंत्र विकलं जायचं. मी साहेबांना सांगितलं, "साहेब, नावं देताना सगळ्या जणी हसतात."

"बघ," साहेब म्हणाले. "सॅटिस्फॅक्शन." आणि त्यांनी चित्रावर आणखी पाच फांद्या काढल्या.

एकदाच वेगळं घडलं. मरोळच्या गावठाणात एक ख्रिस्ती आंटी राहायच्या. त्यांच्याकडे माशाच्या कालवणाला रोज दोन नारळ लागायचे. आठ दिवसांनी मी गेलो तर यंत्र खोक्यात परत घालून दारातच ठेवलेलं.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या. "माझी बोटं मला पाहिजेत."

"काय झालं आंटी?"

"पळतंय. अर्धी वाटी झाली की पळतंय. माझ्या पायावर आलं. तू शिकलेला पोरगा ना? मग कशाला असलं विकतोस?"

मी यंत्र परत आणलं. साहेबांनी ते काचेवर चिकटवलं, ओढून पाहिलं, हललं नाही. "एक बाई म्हणजे मार्केट नव्हे," ते म्हणाले. "बाकीच्या हसतायत ना? मग तिला वापरता येत नसेल."

चौथ्या महिन्यात नावं आटली. माणसाची मैत्री कुठवर पसरते ते मला माहीत नाही, पण शत्रुत्व फार लांब जात नाही. पहिला मजला तिसऱ्याचं नाव देतो आणि तिसरा पहिल्याचं. मुलुंडच्या जाऊबाईंनी मला बोरिवलीच्या काकूंचं नाव दिलं.

"त्यांच्याकडे आहे," मी म्हणालो.

"असू दे. अजून एक दे."

साहेबांनी यावर उपाय काढला. प्रत्येक नावामागे एक स्टीलचा चमचा. खोकीच्या खोकी चमचे आले. लगेच नावांचा पूर आला. चमच्यांचा सेट पुरा व्हावा म्हणून लोक सुचेल ते नाव द्यायचे. बदली होऊन नागपूरला गेलेले, गाव सोडलेले, सोसायटीचा वॉचमन. विक्रोळीला एका पत्त्यावर गेलो तर ज्यांचं नाव दिलं होतं ते आजोबा भिंतीवर होते, हार घातलेले. त्यांच्या सुनेनं विचारलं, "कोणी पाठवलं तुला?" मी इमानानं नाव सांगितलं. पुढचं मी इथं लिहीत नाही.

हल्ली माझ्या मोबाइलवर कोणी ना कोणी दुवा पाठवतं. हे ॲप घ्या, माझ्या नावानं घ्या, तुम्हालाही काही मिळेल आणि मलाही. मी आधी पाठवणाऱ्याचं आणि माझं काही जुनं बिनसलेलं आहे का, ते आठवून बघतो. तो चमचा आता दिसत नाही, एवढाच फरक.

तर सहा महिने संपत आले होते. चमचे अर्धेअधिक वाटून झाले, नावं भरपूर झाली, आणि यंत्रं विकली जाईनात. एके दिवशी साहेब चित्रासमोर उभे राहून म्हणाले, "तू राहतोस त्या घरून किती नावं आली?"

मी मुलुंडला आत्याकडे राहायचो. यंत्र तिला पहिल्याच आठवड्यात आणून दिलं होतं. तिच्याकडून एकही नाव आलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. घरच्या माणसाला काय विचारायचं.

संध्याकाळी घरी आलो तर आत्या स्वयंपाकघरात खाली बसून विळीवर नारळ खवत होती.

"आत्या, यंत्र कुठंय?"

"माळ्यावर."

"का?"

"असंच. ठीक आहे ते. मला सवय नाही."

मी तिच्यासमोर बसलो. "बरं, तुझी ती मैत्रीण आहे ना, जिच्याबरोबर तू दर गुरुवारी मठात जातेस. त्यांना दाखवू का? एक नाव दे. माझे दिवस भरत आलेत गं."

आत्यानं हात थांबवला. "तिला कशाला? ती माझी मैत्रीण आहे."

मला काही कळेना. "म्हणून तर."

"म्हणून तर नको," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून तिलाच कसंतरी झालं असावं. "अरे, ते धरत नाही. काच असेल तर धरत असेल. आमच्या ओट्याचा कडप्पा घासून घासून खरखरीत झालाय. अर्धा नारळ झाला की रबर सुटतं आणि सगळंच्या सगळं खाली. दोनदा माझ्या पायावर पडलं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुझ्या नोकरीचं यंत्र ते. तुझ्या बापाला काय सांगू, तुझा पोरगा पायावर पडणारी मशिनं विकतो म्हणून?"

"पण बोरिवलीच्या काकूंनी किती नावं दिली. सगळ्यांनी दिली. हसून दिली."

आत्यानं विळी बाजूला केली. "त्या नावांपैकी कोणाशी बोलते का रे ती?"

मी एकेक दार आठवून तिला सांगत गेलो. कुंड्यांचं पाणी. गावच्या घराची किल्ली. सेक्रेटरींनी उन्हाळ्यात बंद केलेला नळ. आत्या तोंडाला पदर लावून हसायला लागली होती. "आणि तू 'आपुलकीनं' म्हणायचास," ती म्हणाली. "वाट लागली तुझी."

एकीनंही तक्रार का केली नाही, हे मला नंतर समजत गेलं. आपण फसलो हे आपल्या माणसांत कोणी कबूल करत नाही. त्यापेक्षा 'ठीक आहे' म्हणायचं, वस्तू माळ्यावर टाकायची, आणि आपण एकट्याच फसलो असं राहू नये एवढं बघायचं. तेवढ्यात दारात एक इमानी पोरगा येतो आणि विचारतो, अजून कोणाला देऊ? हसू येणारच.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "कस्टमरचं ट्रेनिंग कमी पडतंय. ओटा आधी कोरडा करायचा, हे आपण सांगत नाही. किंवा असं करू, यंत्राबरोबर एक सनमायकाचा तुकडा देऊ."

"तुकडाच सरकेल, साहेब."

"तू बी.कॉम. ना?"

"हो."

"मग राहू दे."

मी वाद घातला नाही. आत्याच्या शेजारी एका घरी ओटा बदलत होते. तिथून मी जुन्या कडप्प्याचा एक तुकडा मागून घेतला, गोणपाटात बांधला आणि बसमधून अंधेरीला आणला. साहेबांच्या काचेवर ठेवला, शेजारी नारळ फोडून ठेवला आणि म्हटलं, "साहेब, ट्रेनिंग कसं द्यायचं तेवढं एकदा करून दाखवा. म्हणजे मी तसंच सांगेन."

हे त्यांना पटलं. त्यांनी कागद बाजूला केले, कडप्पा रुमालानं पुसून कोरडा केला, खटका दाबला, यंत्र ओढून पाहिलं. हललं नाही. "बघितलंस?" म्हणून त्यांनी मूठ फिरवायला घेतली. खोबरं पडू लागलं. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा नारळ खवला असावा, कारण ते स्वतःच कौतुकानं बघत होते. जवळजवळ अर्धी वाटी झाली असेल, तेवढ्यात रबरानं हलकासा आवाज केला, आणि यंत्र, वाटी, खोबरं, पाणी सगळं साहेबांच्या पांढऱ्या पँटवर आलं.

माल बोलला, असं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. पण सहा महिने अजून संपले नव्हते.

 साहेबांनी यंत्र उचललं, उलटं केलं, रबर बघितलं. कडप्प्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि पार्टिशनच्या मागे गेले. थोड्या वेळानं लेथ सुरू झाल्याचा आवाज आला. शिबिराला गेलेले साहेब त्या दिवशी परत आले.

आठवडाभर ते केबिनमध्ये बसले नाहीत. शेवटी रबर गेलं आणि त्या जागी लोखंडी क्लॅम्प आला. ओट्याच्या कडेला अडकवायचा आणि खालून स्क्रू पिळायचा. एवढी साधी गोष्ट, पण तिच्यासाठी भिंतीवरचं चित्र सोडून ओट्याची कड बघावी लागली. काचेच्या टेबलावर तो लावताना साहेब स्वतः म्हणाले, "इथं नको, काच फुटेल." त्या कंपनीत त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं सगळ्यांत शहाणं वाक्य हेच.

"ज्यांची तक्रार आहे त्यांना बदलून दे," ते म्हणाले.

"तक्रार एकट्या आंटींचीच आहे, साहेब. बाकीच्यांनी नुसतं माळ्यावर टाकलंय."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "मग सगळ्यांना बदलून दे. फुकट."

फुकट या शब्दानं जेवढी दारं बंद झाली तेवढी शत्रूंच्या नावानंही झाली नव्हती. "फुकट? मग पुढं काय विकायचंय?" "कुठं सही करायची नाही ना?" पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "तिसऱ्या मजल्याचं आधी बदललंस की माझं?" मी म्हटलं, "तुमचंच." मग मला आत घेतलं. माळ्यावरून यंत्रं खाली आली, काहींवर पापडांचे डबे ठेवलेले होते. मी क्लॅम्प बसवायचो, एक अख्खा नारळ खवून दाखवायचो आणि निघायचो. नावं विचारायचं मी बंद केलं होतं. विचारायचं तोंड राहिलं नव्हतं, हेच खरं.

साहेब रोज विचारायचे, "किती नावं?" मी म्हणायचो, "एकही नाही." ते भिंतीवरच्या चित्राकडे बघायचे आणि मग कॅलेंडरकडे.

शेवटच्या पंधरवड्यात मी बोरिवलीला गेलो होतो तेव्हा काकूंनी मला जिन्यात गाठलं. "काय रे, तू आता नावं विचारत नाहीस?"

"नाही काकू."

त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं, आणि आवाज उतरवला. "कांदिवलीला माझी धाकटी बहीण राहते. तिचे गुडघे फार दुखतात. तिच्याकडे जा." मग माझा दंड धरला. "पण माझं नाव सांगू नकोस."

"का?"

"अरे, उद्या बिघडलं तर आयुष्यभर ऐकवेल. तू आपला असाच गेलास म्हणून सांग."

"बरं. चमचा?"

"चमचा अजिबात नको. चमचा बघून कोणीतरी विचारेल."

मी कांदिवलीला गेलो. बहिणीनं दार फटीएवढं उघडलं. "कोणी पाठवलं?"

"त्यांनी नाव सांगू नका म्हटलंय."

तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि दार सताड उघडलं.

मग हे सगळीकडेच सुरू झालं. भाजीवाल्याकडे, दळणाच्या रांगेत, इमारतीच्या फाटकापाशी मला कोणीतरी बाजूला घ्यायचं, एखाद्या मावसबहिणीचं, भावजयीचं, लेकीचं नाव कानात सांगायचं आणि पुढे तेच वाक्य. मुलुंडच्या जाऊबाईंनी माहेरच्या सगळ्या बायकांची नावं दिली आणि देवाची शपथ घ्यायला लावली. मरोळच्या आंटी तेवढ्या निराळ्या. त्या म्हणाल्या, "वर्सोव्याला माझी बहीण आहे. खुशाल सांग मी पाठवलं. आणि पळालं तर दोघी मिळून तुला बघतो." आत्यानं मला काहीच सांगितलं नाही. एका गुरुवारी घरी आलो तर तिची मठातली मैत्रीण ओट्याशी उभी राहून मूठ फिरवत होती, आणि आत्या मागे उभी राहून पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मी काही म्हणत नाही हो. तुमचं तुम्ही बघा."

सहा महिने पुरे झाले त्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर काच, तिच्यावर एकही कागद नाही.

"माल जातोय," ते म्हणाले. "मागे मशीन थांबत नाही. पण नाव एकच आलंय, त्या मरोळच्या बाईंचं. मग हे बाकीचे लोक कुठून येतायत?"

"पाठवलेले आहेत, साहेब."

"कोणी पाठवले?"

"सांगता येत नाही."

"म्हणजे?"

"त्यांनी सांगू नका म्हटलंय."

साहेबांचा चेहरा कडक झाला. "अरे, तुला ठेवायचा तर मला कळायला नको, तू आणलेस की आपोआप आले? रेफरन्स नाही तर तुझं काम कशावरून धरू? नावं सांग, आत्ता पर्मनंट करतो."

मला शाळेचं पटांगण दिसलं. पण जाऊबाईंनी देवाची शपथ घातली होती आणि काकूंनी माझा दंड धरला होता. सांगितलं असतं तर साहेबांनी आभाराचे चमचे पाठवायला कमी केलं नसतं, आणि कांदिवलीपासून मुलुंडपर्यंत माझ्यासाठी एकही दार उघडलं नसतं.

"साहेब," मी म्हणालो, "एक विचारू? रागावू नका. घाटकोपरच्या ताईंकडे आपलं यंत्र आहे का?"

 सोमवार होता. वड्यांचा डबा टेबलाच्या कोपऱ्यात होता.

"नाही," ते म्हणाले.

"कधी दिलंच नाही?"

"नाही दिलं." त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "ताई फार बोलते रे. काही झालं की सगळ्या नातेवाइकांत सांगत सुटते. म्हटलं, आधी जरा स्थिर होऊ दे माल."

  मागे लेथ चालू होती. बऱ्याच वेळानं साहेबांनी खुर्ची मागे सरकवली, पार्टिशनमागे गेले आणि एक नवं यंत्र घेऊन आले. स्क्रू स्वतः पिळून पाहिला, फडक्यानं पुसला, खोक्यात ठेवला आणि खोका माझ्याकडे सरकवला.

"उद्या घाटकोपरला नेऊन दे. पत्ता देतो. आणि आजपासून तू पर्मनंट. घरी कळव."

मी उठून त्यांना वाकून नमस्कार केला. त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते मी कधी नाकारले नाहीत. दारापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी हाक मारली.

"ऐक. ताईला माझं नाव सांगू नकोस."

"पण साहेब, खोक्यावर आपल्या कंपनीचं नाव आहे."

"असू दे. तरी सांगू नकोस. तू आपला असाच गेलास म्हणून सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाटकोपरला गेलो. ताईंनी दार उघडलं. हाताला खोबरं लागलेलं होतं, आत जमिनीवर विळी दिसत होती. त्यांनी खोका वाचला.

"हे आमच्या धाकट्याचं मशीन ना? त्यानं पाठवलं?"

"नाही ताई."

"मग कोणी?"

"त्यांनी नाव सांगू नका म्हटलंय."

ताईंनी पदराला हात पुसले आणि खोका माझ्या हातून घेतला.

"मग चांगलं असेल," त्या म्हणाल्या. "ये आत."